साच्यातली खाच

॥ श्रीहरि ॥

मेलकावेरी, कुंभकोण
बुधवार, ता. २१ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. तुळसीस तुझ्या आज्जीचे पोटभर आशीर्वाद, जावईबापूंसही. इकडे सगळी नीट आहोंत. तुमच्या पुण्यास थंडी सरली कां? इथं ऊन आत्ताच कावेरीची वाळू भाजतं आहे.

पाकीट बघून तुझा हात थांबला असेल. अक्षर ओळखलंस ना? ओळीवरनं घसरणारं, वादिराज म्हणतो त्याप्रमाणे बदकांची रांग चालल्यासारखं. माझ्या बाबांनी तिसरीपर्यंत शिकवलं आणि मग माझं लग्न जाहलं, तेव्हां बदकं तेवढीच राहिली. तुझी सासू हे वाचून हसेल तर हसूं दे. आमची मराठी जुनी आहे म्हणतात पुण्याचे लोक. तीनशें वर्षांमागं भोसल्यांच्या संगतीनं इकडं तंजावरास आलों, मग परत कोण्ही नवी आणून दिली नाही, आम्ही तरी काय करणार.

तुझ्या लग्नापासून मी पत्र लिहिलं नाही. तू वादिराजास, आपल्या सख्ख्या मामास, नाही म्हटलंस आणि पुण्याच्या मुलास होय म्हटलंस, त्या दिवशी तुझ्या आजोबांनी हुकूम सोडला की ह्या घरांत तिचं नाव निघायचं नाही. नाव काढलं नाही. पण उन्हात वाळवलेले वडम दर वर्षी कोण्हीतरी पुण्यास जाणाऱ्याच्या पिशवीतनं तुझ्याकडे येत होते, ते काय देवानं पाठवले? त्यांत जिरं जास्त असतं ते माझ्याच हातचं.

आता मुख्य वर्तमान. वादिराज दिवाळीआधी पडला. पोस्टातनं सायकलीवर साक्कोट्टैस गेला होता, देवळाच्या वळणावर चक्कर आली आणि सायकलीसकट रस्त्यावर. घाबरूं नको, तो आत्ता समोर बसून तांदळातले खडे निवडतो आहे आणि मी काय लिहितें ते वाकून बघतो आहे. तिथं अलमेलू म्हणून फुलं विकणारी बाई बसते, तिनं फुलांवरचं पाणी तोंडावर मारलं. तो उठून बसला आणि पहिलं काय विचारलं? "माझी चप्पल कुठं?" अलमेलू मला म्हणाली, "अम्मा, चपलेचं विचारणारा माणूस मरत नाही."

पण तुळसी, आपल्या घरचा पुरुष पडला आणि उठला, हे पहिल्यानंच जाहलं. तुझा मोठा मामा व्यासराज बसस्टँडवर धावत गाडी पकडायला गेला, तो पायरीवरच संपला, तुला आठवत नसेल, तू परकरांत होतीस. त्याच्या आधी तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ जेवून हात धुवायला उठले ते तिथंच. दोघांची ऐन चाळिशीही नव्हती. थोरल्यांची बायको बाहेरच्या घरची होती. लोक म्हणाले, बाहेरच्या मुलीचा पाय बरा नाही. मग माझ्या आज्जीनं ठरवलं, ह्यापुढं ह्या घरांत बाहेरची मुलगी येणार नाही, आपलीच भाची आपल्याच मामास द्यायची. मी पहिली. तुझे आजोबा माझ्या आईचे धाकटे भाऊ. लग्नाआधी मी त्यांस मामा म्हणे, आणि लग्नानंतर किती महिने तोंडात तेच येई, सगळे हसत.

वादिराजास मद्रासेस नेलं. तिथं शिवकामी म्हणून हृदयाची डॉक्टरीण आहे, बारीकशी, केसांत मोगरा, बोलते पण जशी वकीलच. तिनं छातीवर लोण्यासारखं गार काही लावून यंत्र फिरवलं आणि आतलं हृदय पडद्यावर दाखवलं. तिथं वादिराजाचं हृदय हलतांना मी डोळ्यांनी बघितलं. ती मला नातीसारखी पाट्टी म्हणते, आजोबांस ताता. म्हणाली, "पाट्टी, ह्याच्या हृदयाची भिंत जाड आहे."

तुझे आजोबा म्हणाले, "जाड असली तर बरंच की. पक्की झाली."

"ताता, भिंत आतून जाड होत गेली की खोली लहान होते. मग रक्त राहायचं कुठं?"

आजोबांनी उपरणं झटकून परत खांद्यावर टाकलं.

तिनं गोळी दिली, धावायचं नाही, सायकल हळू, उन्हात पाणी प्यायचं विसरायचं नाही. आणि मग विचारलं, घरांत आणखी कोण्ही असं अचानक गेलं कां. मी सांगितलं. ती म्हणाली, ही जाडी रक्तातनं येते, आईबापांकडून लेकरांस. सगळ्यांना तपासलं पाहिजे, आणि रक्त हैदराबादेस पाठवीन, तिथं आत काय आहे ते शोधतात.

सगळी एकत्र कधी भेटतात? पणजोबांच्या श्राद्धास. तिरुप्पनंदाळहून तुझी आई, मद्रासेची, तिरुचीची, सगळी. मी शिवकामीस म्हटलं, श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ये. आजोबांचा आवाज वर चढला, "पितरांच्या पाठोपाठ घरांत रक्त काढायचं?" मी म्हटलं, "पितरांचंच रक्त आहे, त्यांसही बघूं दे काय दिलं ते." आणि ती आली, टेम्पोत यंत्र घालून. पुरुष पंक्तीस बसतात तैसे उघडे, पंचा मांडीवर, ओळीनं बसले. ती म्हणाली, "पाट्टी, ऐसे रोगी मिळाले तर माझं अर्धं काम होतं, मद्रासेस शर्टाची बटणंच संपत नाहीत." सगळ्यांस हसूं आलं. आजोबाही त्या ओळीत, शेवटी, तोंड फिरवून.

रक्ताचा निकाल यायला महिने लागतील. तोवर तुला एकच मागतें. तिथल्या मोठ्या डॉक्टराकडे जा आणि तुझंही हृदय पडद्यावर बघून ये. तुझ्या आईची भिंतही थोडी जाड निघाली. मीही बघितलं माझं, ते जाऊं दे.

आजोबा ओसरीवरनं येतात असं वाटतं. पाकीट वादिराज टाकील, पोस्ट त्याचंच. उत्तर त्याच्या नावानं टाक.

तुझी,
नाव न काढतां आठवणारी
वेंकटलक्ष्मी आज्जी

———

॥ श्रीहरि ॥

कुंभकोण
शुक्रवार, ता. १२ जुलै १९९६

माझ्या तुळसीस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. वादिराजानं चुलीपाशी येऊन वाचून दाखवलं, मी दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अव्वा, भात करपला." करपूं दे.

तुला दिवस गेले. आणि त्याच पत्रांत, की तुझीही भिंत जाड आहे. दोन्ही एकाच कागदावर. देवास कागद वाचवायची सवय दिसते.

तुझी सासू म्हणते हे लेकरू नको, ऐसं धोक्याचं बाळंतपण कशास, आणि लेकरासही तेच दुखणं लागलं तर. तू विचारतेस, "आज्जी, मी काय करूं." मी काय करूं म्हणून मला आजपर्यंत कोण्ही विचारलं नाही ग. मी आधी घरभर फिरले, मग पितळी डबे पुसले, मग बसले लिहायला.

विहीणबाईंस रागें भरूं नको. त्यांस तू हवी आहेस म्हणून भितात. तुझे आजोबा म्हणतात पुण्याच्या बाया फार बोलतात, मी म्हटलं आपण न बोलतां काय मिळवलं.

होय, आजोबांस आता ठाऊक आहे मी तुला लिहितें. वादिराजानंच सांगून टाकलं. रक्ताचा निकाल आला त्या दिवशी.

शिवकामी स्वतः आली होती. तिनं मला समजावलं ते तुला समजावतें, माझ्या डोक्यांत गेलं म्हणजे तुझ्यांत जाईलच. आपल्या गल्लीतला मणी ओतारी भांडी ओततो, ते लहानपणी बघत बसायचीस. ती म्हणाली, "पाट्टी, मणीच्या साच्यास एक खाच पडली असली तर?" मी म्हटलं, "तर निघणाऱ्या प्रत्येक भांड्यास तिथं गाठ." "तैसंच. शरीरांत हृदयाचं मांस घडवायचे साचे असतात. त्यांतल्या एकास तुमच्या घरांत खाच आहे. कधीपासनं आहे कोण जाणे, कदाचित तंजावरास आलांत त्याच्याही आधीपासनं."

मी विचारलं, मग एकाच खाचेची भांडी, एक वादिराजासारखं पडतं, एक व्यासराजासारखं फुटतं, आणि एक माझ्यासारखं साठ वर्षं चुलीवर, हे कैसं?

आता लिहिलंच, तर लिहितें. माझ्याही रक्तांत ती आहे. माझी भिंतही जाड आहे. ह्या हृदयावर मी कावेरीचं पाणी वाहिलं, जात्यावर दळलं, लेकरं वाढवली. आजोबांच्याही रक्तांत आहे, आणि ते ऐंशीस टेकले आणि अजून पापड कच्चा राहिला तर गल्लीभर ऐकूं येईल इतकं ओरडतात.

शिवकामी म्हणाली, "हेच मला शिकायचं आहे. खाच एकच, पण प्रत्येक हृदय तिला आपापल्या परी पेलतं. बाकीचे साचे वेगळे, राहणी वेगळी, नशीबही असेल. खाच आहे म्हणजे मरण आहे ऐसं नव्हे. खाच आहे हे ठाऊक असणं म्हणजे अर्धं जगणं." हे तिचं वाक्य मी तुझ्या सासूसाठी जैसंच्या तैसं उतरवलं आहे.

आणि मग तिनं मला एकटीस माजघरांत बसवून विचारलं, "पाट्टी, बाळंतपणं किती?"

मी बोटांवर मोजलं. वेदवती, व्यासराज, वादिराज.

ती म्हणाली, "मी लेकरं नाही विचारली. बाळंतपणं विचारली."

तुळसी, आता सांगतें ते तुझ्या आईसही पुरतं ठाऊक नाही. वेदवतीच्या आधी मला एक मुलगी जाहली होती. डोईवर दाट जावळ, पायाची बोटं लांब. दूध प्यायला तोंड लावी आणि दोन घोटांत थकून सोडून देई, कपाळ घामानं ओलं. दूध पितांना बाळास घाम येतो कां ग? मी पदरानं टिपत बसे. धाप लागे, ओठ निळे होत. बारशाआधीच गेली. व्यासराजाच्या पाठीवर एक मुलगा, त्याचंही तैसंच, अगदी तैसंच, तो घाम बघितला तेव्हांच मला कळलं.

सासूबाई म्हणजे माझी सख्खी आज्जी, माझ्यावर जीव होता त्यांचा. पण त्याच म्हणाल्या, हिचं दूध बाधतं. सर्पाचा कोप म्हणून अश्वत्थाखाली दगडाचा नाग बसवला. वादिराज जन्मला तेव्हां त्यास माझ्यापाशी दिलाच नाही. गाईच्या दुधावर वाढवला. मी ओसरीच्या ह्या बाजूस आणि तो त्या बाजूस रडे, माझी चोळी भिजे. मीही मानलं होतं की बाधतं. सगळी म्हणतात तेव्हां तैसंच असेल.

शिवकामीनं पेन खाली ठेवलं. माझा हात धरला. म्हणाली, "पाट्टी, प्रत्येकास प्रत्येक साचा दोन असतात, एक आईचा, एक बापाचा. एकास खाच असली तर दुसरा सांभाळून घेतो, म्हणून तुम्ही जगलांत. तुम्ही आणि ताता एकाच घरचे, दोघांकडे तीच खाच. त्या दोन लेकरांस दोन्हीकडनं खाचेचेच साचे आले असावेत. एकही चांगला नाही. इवल्या हृदयास दूध ओढायचंही बळ उरलं नसेल. त्यांचं रक्त माझ्यापाशी नाही, पण तुम्ही सांगतां ते सगळं ह्याच्याशी जुळतं. नागाचं नव्हे. पायाचं नव्हे. दुधाचं तर नव्हेच."

मी तिला परत म्हणायला लावलं. तिनं परत म्हटलं.

बाहेरच्या मुलीचं भय म्हणून आम्ही घरच्या घरांत मुली दिल्या, आणि जे टाळायचं तेच दुप्पट करून घेतलं. वादिराजाशी तुझं लग्न जाहलं असतं तर तुमच्याही पाळण्याशी मी तोच पदर घेऊन बसले असतें. त्याच्याही रक्तांत, तुझ्याही. तू नाही म्हणालीस तेव्हां तुला काय ठाऊक होतं? काही नाही. तुला तो पुण्याचा मुलगा आवडला होता एवढंच. तेवढं पुरलं.

वादिराज म्हणतो, त्याचंही लिही. म्हणतो, "मी तिला कडेवर घेऊन बाजार फिरवला, तिचं नाक पुसलं, तिच्याशी काय लग्न करणार होतों? पण अप्पांच्या पुढं कोण बोलणार. ती बोलली, मी सुटलों." ऐक, तुझा ठरलेला नवरदेव तुझ्यापेक्षां जास्त सुटला.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी हे सगळं आजोबांस सांगितलं. त्यांच्या हातांत कॉफीचा पेला होता, ती निवून साय धरली. मी म्हटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "मग तुझं दूध चांगलं होतं."

मी म्हटलं, "होय."

"चाळीस वर्षं," म्हणाले, आणि पेला तैसाच घेऊन आंत गेले. जन्मांत पहिल्यानं त्यांनी पेला आपल्या हातानं विसळला.

तर तू काय करायचं ते मी सांगणार नाही, तें तुझं. मला ठाऊक आहे तेवढं सांगतें. शिवकामीस मी विचारलं. ती म्हणाली, जाडी थोडी आहे, मोठ्या दवाखान्यांत, हृदयाचा डॉक्टर जवळ ठेवून बाळंतपण होऊं शकतं, ऐशा पुष्कळ बायांचं होतं. मी तर काही ठाऊक नसतां पाच वेळां निभावलं. आणि जावईबापूंचं रक्त तपासून घे म्हणाली. त्यांच्याकडे खाच नसली तर तुझ्या लेकरास फार तर एक येईल, एक चांगला साचा बापाचा हमखास. तो पुण्याचा परका मुलगा, ज्याच्या पायावर आम्ही पाणी घातलं नाही, तोच त्याची राखण.

तुला ह्या पत्रांत रडतांना दिसत असेन तर तें तैसं नव्हे. गेले तीन दिवस मी पाट्यावर वाटतांना गुणगुणतें आहे. शेजारची म्हणाली, "काय मामी, घरांत लग्न आहे कां?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

तुझी,
जिच्या दुधांत काही दोष नव्हता ती
आज्जी

———

॥ श्रीहरि ॥

कुंभकोण
सोमवार, ता. २७ जानेवारी १९९७

बाळंतीण तुळसीस आणि तिच्या लेकीस आज्जीचे आणि आजोबांचे, होय, आजोबांचेही, अखंड आशीर्वाद.

फोन पोस्टांत आला. वादिराज सायकल हळू चालवायची हें विसरून आला, त्यास मी आधी रागें भरले, मग त्यानं सांगितलं मुलगी आहे, दोघी सुखरूप. मी त्यास पाणी दिलं, बसवलं, परत सांगायला लावलं. आजोबा देवघरांत होते. तिथनंच ओरडले, "काय आहे? कोण्ही मला सांगाल कां?" मी म्हटलं, "मुलगी." ते म्हणाले, "मुलगी ना? बरं." मग बाहेर आले तर डोळे पुसलेले, आणि म्हणतात धुपाचा धूर. धूप अजून पेटलाच नव्हता.

जावईबापूंनी मागाहून सविस्तर लिहिलं ते मिळालं. त्यांच्या रक्तांत खाच नाही हें ऐकलं होतंच. कोण्ही न सांगतां बाही वर करून रक्त दिलं त्यांनी, हें तू लिहिलंस तेव्हांच आजोबा म्हणाले होते, "मुलगा बरा आहे." तीन वर्षांचं एवढंच त्यांचं माफीपत्र, पदरांत घे. बाळंतपणास हृदयाचा डॉक्टर बाहेर बसून होता आणि त्यास काही काम पडलं नाही म्हणे. काम न पडलेला डॉक्टर, त्याच्यासारखं शुभ दर्शन नाही. विहीणबाईंनी ती रात्र खुर्चीवर काढली, त्यांस माझा नमस्कार सांग, वडमांचा वेगळा डबा त्यांच्या नावानं येतो आहे.

बाळीचं हृदय पडद्यावर बघितलं, भिंत नीट, खोली ऐसपैस. तिच्या रक्तांत खाच आहे की नाही तें अजून ठाऊक नाही, आणि शिवकामी म्हणते घाई नको, दर थोड्या वर्षांनी बघत राहायचं. असली तर असूं दे. तिच्या आईस आहे, आज्जीस आहे, पणजीस आहे. ह्या खेपेस आम्ही तिच्या मागं डोळे उघडे ठेवून उभ्या आहोंत.

एक गोष्ट मी वादिराजाकडून फोनवर विचारवली होती, तू त्यावर हसलीस म्हणे. मी विचारलं होतं, बाळी दूध पितांना थांबते कां. तू म्हणालीस, "आज्जीस सांग, थांबत नाही, मलाच थांबवावं लागतं." हें ऐकून मी मागच्या अंगणांत जाऊन बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही, गाईनं येऊन खांदा चाटला तेव्हां उठले.

आता ह्या वर्षीच्या श्राद्धाचं ऐक. सगळी जमली होती, तुझी आईही. पंगत उठायच्या आधी तुझे आजोबा पानावरच बसून राहिले. ते उठल्याखेरीज कोण्ही उठायचं नाही, तेव्हां सगळे हात वाळवत बसले. मग म्हणाले, "ऐका. माझ्या आईनं ह्या घराचं भलं चिंतून एक ठरवलं होतं. तिला जें ठाऊक होतं त्यावर ठरवलं. आपल्यास आता जास्त ठाऊक आहे. ह्यापुढं आपल्या घरांत भाची मामास द्यायची नाही. मुली बाहेर जाऊं देत, बाहेरच्या येऊं देत. मामांनी मामाच राहावं."

तिरुचीचे कोण्ही पुटपुटले, "मग रीत?"

आजोबा म्हणाले, "रीत मीच आहे, आणि मी बदलली. ताक वाढा."

आणि मग, सगळ्यांच्या पुढं, तुझं नाव काढलं. "आमच्या तुळसीनं ही रीत आधीच मोडून ठेवली, म्हणून आपण आज बोलूं शकतों." तुझ्या आईनं ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. वादिराज मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, मग माझ्यासाठी बाहेरची बघा, सायकल हळू चालवणारा नवरा चालेल ऐसी." सगळी पंगत हसली, भटजीही.

माघ संपतांच आम्ही दोघं पुण्यास येतों. शिवकामी म्हणाली प्रवास करा, गोळी विसरूं नका, धावत गाडी पकडूं नका. आजोबांनी सांगितलं, गाडीच आमच्यासाठी थांबेल. त्यांनी बाळीसाठी मणीकडनं इवलंसं झारीचं भांडं ओतवून घेतलं आहे आणि तें रोज काढून बघतात, काठावर बोट फिरवतात.

तू बाळीस पाजतांना मी शेजारी बसेन. काही बोलणार नाही, नुसती बघेन. एवढं मला दे.

आणि एक. जावईबापूंच्या पत्रांत माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'तीन लेकरांची आई.' त्यांस सांग, तें नीट करून घ्या. तुझ्या नि शिवकामीच्या खेरीज मी कोण्हास कधी सांगितलं नाही, त्यांस कुठनं ठाऊक असणार. दोघं थोडे दिवसच राहिले, पण आले होते. आता त्यांचं काही लपवायचं कारण उरलं नाही.

तुझी, आणि तुझ्या लेकीची,
पाच लेकरांची आई
वेंकटलक्ष्मी